पायगुण वाडग्याचा

एका जंगलात, एका सागाच्या ढोलीत, एक आत्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलत होती. त्यामुळे सगळ्यांना ऐकू जात होतं.

"सून दिसायला नीट आहे गं वहिनी," आत्या म्हणाली, "पण पायगुण काही बरा दिसत नाही."

मुलांनो, सून भिंतीच्या पलीकडेच होती. भिंत लाकडाची होती आणि सून सुतारपक्षीण होती. झाडाच्या आत मुंगी कुठे चाललीय हे जिला कळतं, तिला आत्या ऐकू येणार नाही का?

सुनेचं नाव कुसुंबी. लग्नाला नऊ दिवस झाले होते. ती बोलायची कमी आणि बघायची फार. बोलत नाही म्हणून सासरी तिचं कौतुक होतं. बघते, हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सासर ठोकळ्यांचं. ठोकळे घराण्याचे लाकडी वाडगे जंगलात प्रसिद्ध होते. गोल, गुळगुळीत आणि खाली एक पाय असलेले. एका मोठ्या चाकात सहा खारी पळायच्या. चाकाबरोबर लाकूड गरगर फिरायचं. फिरत्या लाकडाला सासरे, म्हणजे दादासाहेब ठोकळे, चोच लावायचे. भुसा उडायचा, ढलप्या उडायच्या. आधी बाहेरचा आकार आणि पाय. मग लाकूड उलटं करून, पायाशी पकडून, आतून कोरायचं. मध्ये खारी चहाला थांबायच्या. तसं त्यांच्या करारात होतं.

आता नऊ दिवसांपूर्वीची गोष्ट ऐका.

नवी नवरी घरात येते तेव्हा उंबऱ्यात धान्याचं माप ठेवतात. नवरीने ते उजव्या पायाने हलकेच लवंडायचं आणि आत यायचं. सुतारपक्ष्यांत धान्याऐवजी मुंग्यांची अंडी असतात. पाहुण्यांचे डोळे दिपावेत म्हणून दादासाहेबांनी माप म्हणून खास नवा वाडगा कातला होता. चांगला नारळाएवढा. एवढा मोठा वाडगा ठोकळ्यांनी त्याआधी कधी केला नव्हता.

कुसुंबीने पाय उचलला. पाय अजून हवेतच होता, आणि माप आपलं आपण आडवं झालं. अंडी थेट व्याह्यांच्या अंगावर.

व्याही अंडी झटकू लागले.

"पाय लागायच्या आधीच?" ठमाआत्या म्हणाली. हीच ती भिंतीपलीकडची आत्या. दादासाहेबांची बहीण. ती चार दिवसांसाठी आली होती, त्याला सहा वर्षं झाली होती.

सगळ्यांनी कुसुंबीच्या पायांकडे बघितलं. कुसुंबीने तेवढ्यात वाडग्याच्या पायाकडे बघितलं. वर केवढं थोरलं तोंड आणि खाली केवढासा पाय! लग्नाच्या पंगतीत ढेरपोट्या हत्ती एका पायावर उभा करावा, तसं ते दिसत होतं.

पण नवी नवरी उंबऱ्यात उभी राहून असं काही बोलते का? ती आत आली आणि वाकून नमस्कार करू लागली. एकोणीस जणांना केला.

तो नारळाएवढा वाडगा पाहुण्यांना मात्र भलताच आवडला. आडवा पडलेलासुद्धा. सगळ्यांना तसलाच हवा होता. दादासाहेबांनी धडाधड कातायला घेतले, आणि धडाधड ते लोकांच्या घरी पडू लागले. अस्वलमामांच्या एकसष्ठीला भरला वाडगा कलंडला आणि सगळा मध गजराजांच्या पायावर सांडला. मागोमाग मुंग्या आल्या. गजराज एकसष्ठीत नाचले, असं पुढे लोक सांगायचे. पण ते नाचणं नव्हतं.

"तेव्हा सूनबाई कुठे होत्या?" दादासाहेबांनी विचारलं.

"सात फांद्या लांब," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे लांबूनही चालतो," ठमाआत्या म्हणाली.

मग घरात सल्लागार बोलावला. सल्लागार म्हणजे कोल्हा. त्याने झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या, कुसुंबीचे पाय पुढून बघितले, मागून बघितले आणि तीन टप्प्यांचा कार्यक्रम लिहून दिला. वाडग्याकडे मात्र त्याने ढुंकूनही बघितलं नाही. तो पायगुणाचा तज्ज्ञ होता, लाकडाचा नव्हता.

पहिला टप्पा, सुनेने वाडग्यांपासून दूर राहावं. दुसरा टप्पा, सुनेच्या पायात घुंगरू बांधावेत, म्हणजे ती येते आहे याची वाडग्यांना आगाऊ सूचना मिळेल.

तिसरा टप्पा कोल्ह्याने दादासाहेबांच्या कानात सांगितला. कुसुंबीला तो भिंतीतून ऐकू आला.

"वनराजांच्या राज्यारोहण दिनाला तुमचा वाडगा जायचाय ना? तो पडला, तर सूनबाईंना माहेरी पाठवा. कायमचंच. पण म्हणताना हवापालट म्हणायचं."

त्या दुपारी कुसुंबी माहेरच्या दिशेला तोंड करून बसली. माहेर नदीपलीकडे होतं. तिथेही वाडगे कातायचे. तिचे वडील वाडगा भरून, धक्का देऊन बघितल्याशिवाय घराबाहेर सोडत नसत. रिकामा काय, कुणाचाही उभा राहतो, असं म्हणायचे. पण वडिलांकडे पाहुणी म्हणून जाणं वेगळं आणि पडलेल्या वाडग्यांचा ठपका पायात बांधून जाणं वेगळं. शिवाय तिला नवरा आवडायला लागला होता. जरासाच. नऊ दिवसांत जेवढा आवडतो तेवढा.

नवऱ्याचं नाव टोकाजी. राजाचा वाडगा कातायचं काम त्याच्याकडे आलं होतं, कारण दादासाहेबांची चोच एकसष्ठीपासून खाली आली होती. कुसुंबी भाकरी घेऊन त्याच्याकडे गेली. खारी चहाला गेल्या होत्या. घुंगरू छुमछुमले आणि टोकाजीने घाईने वाडगा पोटाशी धरला.

"अजून पाय झाला नाही त्याला," कुसुंबी म्हणाली. "पडेल कशावरून?"

टोकाजी ओशाळला.

"अहो," ती म्हणाली, "पाय केवढा करायचा, हे कसं ठरवता?"

"त्यात ठरवायचं काय? आजोबांनी दारावरच कोरून ठेवलंय. 'पाय पंजाएवढा.'"

"आजोबांच्या वेळी वाडगे केवढे होते?"

"आवळ्याएवढे. मग पेरूएवढे झाले. मग कवठाएवढे. घराणं वाढलं ना आपलं!"

"आणि पंजा?"

"पंजा कसा वाढेल? ती परंपरा आहे."

कुसुंबी भुसा झाडू लागली. वडील काय म्हणायचे ते तिला आठवत होतं. आधी तोंड बघ. तोंडाच्या तिसऱ्या हिश्शाहून पाय जरा मोठा हवा, निम्म्याहून जरा लहान. पण माहेरचं शहाणपण सासरी पहिल्या वर्षात काढायचं नसतं. ते लोणच्यासारखं मुरू द्यावं लागतं.

"मी आपलं सहज विचारते," ती म्हणाली. "आजोबांनी पंजा मिटून म्हटलंय की पसरून?"

टोकाजीने तोंडातला घास तसाच ठेवला. हा प्रश्न तीन पिढ्यांत कुणी विचारला नव्हता. त्याने दाराकडे बघितलं. दारावर पंजा होता, पण मिटून की पसरून हे कोरलेलं नव्हतं.

"बाबा मिटूनच मोजतात," तो म्हणाला.

"मग तसंच करा," कुसुंबी म्हणाली आणि ताट उचलून निघाली. घुंगरू छुमछुमले.

टोकाजी बघत राहिला. त्याला बायको हवी होती. त्याच्याकडे धाडस नव्हतं. पण पंजा पसरायला धाडस कुठे लागतं? नुसती बोटं लागतात.

खारी परत आल्या, चाक फिरलं. वर नारळाएवढा वाडगा, खाली पसरलेल्या पंजाएवढा पाय. दिसायलाही बरा. पोट कुठे संपतं आणि पाय कुठे सुरू होतो, तिथली वळणाची रेघ अशी आली होती, की एका खारीने पळता पळता मागे वळून बघितलं आणि सगळ्याजणी एकमेकींवर पडल्या.

राज्यारोहण दिनाला वाडगा मधाने भरला. वनराजांनी त्यात पंजा बुडवला. वाडगा उभा. गजराजांनी सोंडेने ढोसलं, कारण त्यांचा विश्वास उडाला होता. वाडगा डुलला, विचारात पडला आणि उभा राहिला.

"वा, ठोकळे!" वनराज म्हणाले. "रहस्य काय?"

"आजोबांचा पंजा, महाराज," दादासाहेब म्हणाले. मग त्यांनी वाकून नीट बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "पसरलेला. मी पहिल्यापासून हेच सांगत होतो."

टोकाजीने कुसुंबीकडे बघितलं. कुसुंबीने आभाळाकडे बघितलं.

घरी आल्यावर दारावर नवी अक्षरं कोरली गेली. 'पाय पसरलेल्या पंजाएवढा. लहान-मोठ्या सर्व वाडग्यांना लागू.' कोल्हा म्हणाला, हा घुंगरांचा परिणाम. ठमाआत्या म्हणाली, "पायगुण सुधारला हो सूनबाईंचा!" आणि तिने स्वतःच्या चोचीने कुसुंबीचे घुंगरू सोडले.

कुसुंबीने घुंगरू उचलून ठेवले. घरात राहायला मिळत होतं. बरोबर ठरायची हौस तिने तूर्त बाजूला ठेवली.

पण मुलांनो, गोष्ट इथे संपली असती तर ठोकळ्यांना दुसरा मुलगा नसता.

पुढच्या वर्षी धाकट्या मुलाचं लग्न झालं. नवी नवरी शेंदरी. लहानशी, घाबरलेली, चोच घट्ट मिटून उभी. त्या साली मुंग्या कमी होत्या, म्हणून माप लहान केलं होतं. जेमतेम आवळ्याएवढं. आणि खाली पाय? दारावर लिहिल्याप्रमाणे. पसरलेल्या पंजाएवढा. तोंडापेक्षा पायच मोठा. वाडगा कसला, पाटावर बसवलेलं टोपण!

शेंदरीने उजवा पाय लावला. माप हललं नाही.

तिने जरा जोरात लावला. माप हललं नाही.

तिसऱ्यांदा तिचं बोट दुखावलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. दादासाहेब दाराकडे बघू लागले. मागच्या बाजूला कोल्हा वही उघडू लागला.

ठमाआत्या कुसुंबीजवळ सरकली. आता कुसुंबी भिंतीच्या अलीकडे होती. आत्या तिच्या कानाशी लागून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "दिसायला नीट आहे गं, पण पायात जीवच नाही. हिचा पायगुण काही..."

शेंदरीने मान खाली घातली. तिला ऐकू गेलं होतं. तीही सुतारपक्षीणच होती.

कुसुंबीला काही करायची गरज नव्हती. नुसतं "हो ना" म्हटलं असतं तरी ती घरातली झाली असती. कायमची.

ती पुढे झाली. तिने उंबऱ्यातलं माप उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं उलटं धरलं. मुंग्यांची अंडी दादासाहेबांच्या डोक्यावर पडली. मग ती बोलली. चांगली चार झाडांपर्यंत ऐकू जाईल अशी बोलली.

"आत्या, माझ्या वेळी पडलं तेव्हा तोंड मोठं होतं आणि पाय लहान. आज पडत नाही, कारण तोंड लहान आहे आणि पाय मोठा. पायगुण बघायचाच असेल तर या वाडग्याचा बघा. आणि पाय नुसता बघून कळत नसतो. आधी तोंड बघायचं असतं. पण या घरात तोंडसुद्धा असतं, हे आजवर कुणाला ठाऊकच नव्हतं. म्हणून म्हटलं, आज दाखवावं."

तात्पर्य : पायगुण सुधारायचा असेल तर सुनेने एकदा तोंड उघडावं. त्या दिवसापासून तिच्या पायांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. भिंतीपलीकडून फक्त एवढंच ऐकू येतं, "पायगुण चांगला आहे हो तिचा, पण तोंड!"