साळिंदराचा राक्षस कुणी मारीना

बाळांनो, मांडी घालून बसा आणि मोबाइल पालथे ठेवा. एका जंगलात, जिथे रेंज फक्त वडाच्या शेंड्यावर यायची आणि तिथली जागाही माकडांनी अडवलेली असायची, दिगंबर नावाचा साळिंदर राहत होता. अंगभर काटे आणि नाव दिगंबर. आईबापांनी काय पाहून ठेवलं कुणास ठाऊक.

दिगंबरच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या एक मान होता. सिंहमहाराजांचं जेवण झालं की जबड्यात शिरून आपल्या काट्याने त्यांचे दात कोरायचे. नोकरी कायमची, वर पेन्शन. फक्त पेन्शन घ्यायला आजवर कुणी उरलं नव्हतं. जेवल्यावर महाराजांना पेंग यायची आणि पेंगताना जबडा मिटायचा. त्याला महाराज तरी काय करणार?

दिगंबरचे वडीलही अशाच एका डुलकीत गेले. जागा रिकामी झाली आणि महाराजांनी दिगंबरला बोलावणं धाडलं.

पण त्याला वेगळंच वेड लागलेलं. त्याला गेम बनवायचा होता. कुठल्या कंपनीच्या दारात न जाता, एकट्याने. त्यातही आरपीजी. म्हणजे खेळणाऱ्याने वीर व्हायचं, गावोगाव हिंडायचं, तलवार मिळवायची आणि शेवटी राक्षसाला मारायचं. ससा खेळला तर ससा वीर, उंदीर खेळला तर उंदीर वीर. ज्यांचा जन्म पळण्यात जातो त्यांना असला खेळ किती गोड लागेल, तुम्हीच सांगा.

दिगंबरने महाराजांकडे सवड मागितली. महाराज तेव्हा पोटभर जेवलेले होते, म्हणून वाचला.

"पुढच्या जत्रेपर्यंत कर काय करायचं ते," महाराज म्हणाले. "जत्रेत कुणी एकाने जरी तुझा खेळ संपवून राक्षस मारला, तर तू सुटलास. नाहीतर दुसऱ्या दिवशी कामावर ये. हल्ली माझ्या दाढेत फार अडकतं."

दिगंबर कामाला लागला. त्याची कामाची तऱ्हाच न्यारी. कानाला हेडफोन लावून दिवसभर जुन्या गेम्सचं संगीत ऐकायचा. गावात शिरतानाची चाल, दुकानातली चाल, होडीतली चाल. ऐकता ऐकता शेपटी डोलायची, काटे खुळखुळायचे आणि त्या खुळखुळाटातून त्याची स्वतःची चाल निघायची. आधी चाल, मग तिला शोभेल असं गाव. राक्षसाच्या लढाईची चाल बसवायला तर त्याने कित्येक महिने घालवले. राक्षस मात्र एका दुपारी उरकला. तो दिसायला वांग्यासारखा झाला.

"अहो, या वांग्याला कोण भिणार?" बायको वेणू म्हणाली.

"तू डोळे मिटून ऐक."

वेणूने डोळे मिटले. चाल सुरू झाली तसा तिच्या अंगावर काटा उभा राहिला. साळिंदराच्या घरात ही साधी गोष्ट नसते. मागच्या भिंतीला भोकं पडली.

जत्रा आली. दिगंबरने पिंपळाखाली खेळ मांडला. पहिला नंबर सशाचा. त्याने गावं पालथी घातली, तलवार मिळवली, गुहेत शिरला. समोर राक्षस उभा राहिला आणि ती चाल सुरू झाली.

आता या खेळात एक नियम होता. ज्याची पाळी त्यानेच वार करायचा, तोवर दुसऱ्याने गप उभं राहायचं. पाळी सशाची होती. ससा बटण दाबीना.

"मार की," मागून कासव म्हणालं.

"मारतो रे. एवढं कडवं संपू दे."

कडवं संपलं, पुन्हा सुरू झालं. घोडं तिथेच पेंड खात होतं. राक्षस मेला की चाल बंद. मग मारायचा कशाला? संध्याकाळपर्यंत कासव बसलं, मुंगूस बसलं, अस्वल तर हुंदके देत बसलं. राक्षस कुणी मारीना.

दिगंबर वेणूकडे धावला.

"अहो, ती चाल काढून टाका," वेणू म्हणाली. "नुसतं वांगं उरलं की कुणीही चिरेल."

खरंच होतं. दिगंबरचा हात बटणापर्यंत गेला. त्याला वडील आठवले. तो मनापासून घाबरला होता. तरी हात मागे आला.

"वेणू, चाल काढली तर मी सुटेन. पण मग एवढा खटाटोप कशासाठी केला, ते मला सांगता यायचं नाही."

वेणूने नाक पुसलं. "राहू दे मग. घाबरायचं काम माझ्याकडे द्या. तुम्ही ऐका."

इतक्यात महाराज आले. "किती जणांनी संपवला रे?"

"एकानेही नाही, महाराज."

"इतका अवघड?"

"नाही, महाराज. एका घावात मरतो. पण कुणी मारीना."

"भित्री जात मेली. सरक, मी मारून दाखवतो. मग उद्यापासून तू कामावर."

महाराजांनी मारला तरी अट पुरी होतच होती. पण महाराजांना हिशेब कोण शिकवणार? दिगंबर लगेच बाजूला सरकला. त्याच्या जिवात जीव आला.

महाराज झरझर गुहेत पोचले. चाल सुरू झाली. त्यांनी पंजा उगारला. पंजा तसाच वर राहिला.

सकाळी दिगंबर हात जोडून उभा राहिला. "महाराज, माझा निकाल?"

"गप. माझी पाळी चालू आहे."

ती पाळी अजून चालू आहे, बाळांनो. महाराज पिंपळाखालून हलत नाहीत. शिकारीचं नाव नाही. हरणं शेजारून पाणी पिऊन जातात. दिगंबरने दुसरा खेळ करायला घेतला आहे. भूक लागली की वेणू महाराजांना वाडगाभर पेज देते. पेज दाढेत अडकत नाही.

तात्पर्य : हाती घेतलेलं काम तडीस न्यावं, असं शाळेत शिकवतात. परीक्षेत तसंच लिहा, मार्क मिळतील. पुढे नोकरी लागली की मात्र साहेबांच्या हाती असं एखादं काम द्या, जे तडीस न्यायची त्यांना इच्छाच होणार नाही.