वर्षश्राद्धाची एस्प्रेसो

वर्षश्राद्धाचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून बराच वेळ झाला होता, आणि बनशंकरीतला एकही कावळा तिकडे फिरकला नव्हता. घारी होत्या, पण त्या वरूनच बघून गेल्या. खाली वडे गार होत होते.

"दामूचं काहीतरी राहिलंय," पुरुषोत्तमअण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे दामोदरचे थोरले भाऊ, सगळा जन्म राजाजीनगरात गेलेला, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेली. त्यांना मधुमेह होता आणि उपाशीपोटी त्यांचा आवाज चढे. "प्रतिमा, नीट आठव. शेवटी शेवटी काय मागत होता तो?"

प्रतिमाला आठवावं लागलं नाही. सगळे आपल्याचकडे बघताहेत, हे तिला पाठमोरी असूनही कळत होतं. कावळा शिवला नाही तर दोष कोणाचा, हे ठरल्यातच जमा होतं. बायकोचा.

"एस्प्रेसोचं मशीन," ती म्हणाली. "साफ करून दे म्हणायचा."

बोअरचं पाणी जड. मशीनच्या नळ्यांत चुना साचत होता. प्रतिमाची सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात गेलेली, त्यामुळे दामोदर शेवटचं वर्षभर रोज तिच्या मागे लागायचा. "अगं, नळ्या चोंदल्यात, धार येत नाही, एक दिवस हे बंद पडेल." नळ्या चोंदल्या होत्या खऱ्या, पण त्याच्या. मशीनसमोर, हातात कप असतानाच तो गेला. त्यानंतर मशीनला कोणी हात लावला नव्हता.

"मग कर साफ! आणि एक कप ठेव पानाशी," अण्णा म्हणाले.

"शास्त्रात बसेल," भटजी म्हणाले. त्यांना जे. पी. नगरला अजून एक श्राद्ध होतं, त्यामुळे शास्त्र जरा सैल झालं होतं.

"सीरियसली?" शलाका, प्रतिमाची मुलगी, म्हणाली. "बाबा मोक्षाच्या रांगेत आणि आपण मशीनचा चुना काढतोय?"

"तू गप. तुझे बाबा कॉफीशिवाय रांगेत उभे राहिले होते का कधी?" अण्णांनी तिला दटावलं.

प्रतिमा स्वयंपाकघरात गेली. तिचा कावळ्यावर विश्वास नव्हता, पण चुन्यावर होता. तिने सायट्रिक ॲसिड मोजून पाण्यात विरघळवलं, मशीनच्या टाकीत ओतलं, थोडं आत खेचून घेतलं आणि मशीन मुरायला ठेवलं. थोड्या वेळाने वाफेची कळ फिरवून पाणी सोडायचं, की घाण बाहेर. एवढंच काम. दामोदरला वर्षभर थांबवावं असं त्यात काहीच नव्हतं.

तेवढ्यात पानाभोवती पुन्हा पाणी फिरवायला भटजींनी तिला वर बोलावलं. अण्णा मशीनपाशी राहिले. "जा तू, मी बघतो. सरी?"

"हात लावू नका, अण्णा. मी सांगेन तेव्हाच."

तिने पाणी फिरवलं. खरंच एक कावळा समोरच्या तारेवर येऊन बसला आणि मान वाकडी करून भाताकडे बघू लागला. भटजींनी श्वास रोखला. प्रतिमा जिन्यापाशी गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अण्णा, झालं. सोडा!"

खालून डबे उघडल्याचा आवाज आला. मग फसफस. मग असा धडाका, की कावळा तार सोडून थेट मैसूरच्या दिशेने गेला.

सगळे खाली धावले. घरातले पंखे बंद पडले होते. मशीनच्या टाकीतून पांढरा फेस उतू जाऊन मागच्या प्लगवर सांडत होता आणि जळक्या वायरीचा वास सुटला होता. अण्णा फेसात कोपरापर्यंत बुडालेला हात वर धरून उभे होते. दुसऱ्या हातात चमचा.

"काय घातलंत?"

"तूच ओरडलीस ना, सोडा! अय्यो, स्वल्पच घातला. दोन चमचे."

"पाणी सोडा, अण्णा! पाणी!"

"मग पाणी म्हणायचं! मी कशाला शहाणपणा करू? तू केमिस्ट!"

आम्लात सोडा पडल्यावर काय होतं, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. दामोदर खाली असता तर प्रतिमा "सोड" म्हणाली असती, आणि त्याने कळ फिरवली असती. पण थोरल्या दिराला "सोड" म्हणता येत नाही. एका आदरार्थी कान्याने मशीनचा जीव घेतला होता.

"आता ते पान खाली आणा, गायीपुढे ठेवू," भटजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "पण कावळा शिवला नाही तो नाहीच."

"वर्षभर सांगत होता बिचारा," अण्णा कोणाकडेही न बघता म्हणाले.

प्रतिमा एकटीच गच्चीवर गेली. पान चाटूनपुसून स्वच्छ झालं होतं. खीर, भात, वडे, काही उरलं नव्हतं. पाण्याच्या टाकीवर शेजारच्यांचं मांजर बसलं होतं, डांबरासारखं काळं, आणि मन लावून मिशा पुसत होतं. कठड्यावर खिरीच्या पावलांची एक ओळ उमटली होती.

जिन्यावर अण्णांची धाप ऐकू आली. प्रतिमाने पदराने ती ओळ पुसून काढली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने पुरावा नष्ट केला.

"अगं, पान रिकामं!" अण्णा दारातच थबकले. त्यांचे डोळे भरून आले. "आला होता? तू बघितलास?"

"बघितला."

"काळाच होता ना?"

"काळा कुळकुळीत."

"आणि जेवला?"

"सगळं, अण्णा. खीरसुद्धा."

"दामू गं," अण्णा म्हणाले आणि कठड्याला टेकून लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसत खाली ओरडले, "शलाका, पानं वाढ! शिवला!"

पाय किती होते, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर प्रतिमाने बरोबर आकडा सांगितला असता.