मोठबाबांचा निळा सिग्नल

आमच्या मोठबाबांनी माझ्या लघवीला लाल झेंडा दाखवला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. झेंडा खराखुरा, रेल्वेचा.

मोठबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. गोंदिया स्टेशनाच्या केबिनीत तीस वर्षं सिग्नल ओढून निवृत्त झाले आणि जवळच्याच मुर्री गावात आमच्याकडे राहायला आले. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. त्याच वर्षी मला मधुमेह निघाला आणि त्यांना नवी ड्यूटी लागली. रोज सकाळी काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, माझ्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर निळं राहायचं. वाढेल तसं हिरवं, पिवळं, शेवटी विटेसारखं लाल. लाल झालं की मोठबाबा झेंडा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे, आणि आईचा भात वाढता हात थांबायचा.

हिरवं दिसलं की म्हणायचे, "लाइन क्लिअर." डॉक्टरांनी बजावलं, हिरव्यातही साखर असते, निळंच चांगलं. मोठबाबांना ते मुळीच पटलं नाही. "निळा सिग्नल कोन्या लाइनीवर असते जी? दाखवा मले."

पण डॉक्टरांपुढे काय चालणार? मोठबाबाही निळ्याच्या मागे हात धुऊन लागले. रोवणीच्या दिवसांत एकदा नळी निळीशार राहिली. मोठबाबांनी गल्लीभर सांगितलं. आईने इन्सुलिनची सुई नेहमीएवढीच टोचली आणि मी तिच्यासोबत भात रोवायला शेतात उतरले. दुपारच्या आत हात थरथरू लागले, घाम फुटला, आणि मी आईलाच विचारलं, "तुम्ही कोण?" बांधावर बसलेल्या मोठबाबांनी एका मजुरणीच्या शिदोरीतला गूळ माझ्या तोंडात कोंबला, तेव्हा कुठे मी भानावर आले.

डॉक्टर म्हणाले, लघवी शिळी बातमी सांगते. रक्तातली साखर किती खाली गेली, ते निळ्या नळीला कळत नाही. लेकराला थोडं हिरव्यातच राहू द्या. म्हणजे मोठबाबा जिंकले होते, पण त्यांनी ते एकदाही मिरवलं नाही.

तेव्हापासून मी शाळेला निघाले, की खिशात गूळ घालून ते शंभर पावलं मागे. दिवसभर शाळेसमोर कडुलिंबाखाली बसायचे. पोरी हसायच्या. एक दिवस मी चिडून विचारलं, "मोठबाबा, काऊन येऊन राहिले माह्या मागं?"

"हवा खाऊन राहिलो." मग खिशातला गूळ चाचपत म्हणाले, "तीस वर्सं लोकायच्या गाड्या सोडल्या, बाई. माह्या घरची गाडी तं तू एकच आहेस."

मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मागे चालू दिलं नाही. हात धरून सोबत नेलं.