जांभई देणाऱ्या बाईची जागा

निवृत्त दंतवैद्यांनी सकाळी सकाळी कॅमेरा पुसायला घेतला, तेव्हाच त्यांच्या बायकोने ओळखलं की आज स्वारी पुन्हा ‘तिच्या’कडे निघाली आहे. ‘ती’ म्हणजे कलासंग्रहालयाच्या पहिल्या मजल्यावरचं एक छोटंसं चित्र : तोंडभर जांभई देणारी एक प्रौढ बाई. डॉक्टरांचा तिच्यावर भारी जीव. बाकीची माणसं भीत भीत तोंड उघडतात, ही आपणहून उघडते, असं ते सांगत.

“आयुष्यभर उघडी तोंडंच बघितलीत,” बायको चपला घालता घालता म्हणाली, “तरी मन भरलं नाही तुमचं.”

जावयाने नवी लेन्स दिली होती. त्या लेन्सने बाईची शेवटची दाढसुद्धा टिपता येईल, अशी डॉक्टरांना आशा होती. पण दालनात पोचले तर भिंत रिकामी. चित्राच्या जागी फिकट चौकोन, वर दोन खिळे आणि बाजूला पितळी पाटी : ‘जांभई’. पहारेकऱ्याने सांगितलं की चित्र सफाईला नेलंय, दुपारपर्यंत येईल.

डॉक्टरांचा चेहरा पडला. पण हात चालवल्याशिवाय त्यांना कधी बसवत नसे. तोवर उजेडाचा अंदाज तरी घ्यावा म्हणून त्यांनी कॅमेऱ्याची तिवई मांडली आणि एक गुडघा टेकून रिकाम्या भिंतीचे फोटो काढायला सुरुवात केली. बायको बाकावर जाऊन बसली.

एवढा मोठा कॅमेरा घेऊन एक वयस्क गृहस्थ गुडघ्यावर बसलेत म्हटल्यावर मागून जाणारं एक जोडपं थबकलं. त्यांनी पाटी वाचली, भिंत पाहिली आणि मोबाइल काढले. त्यांना पाहून आणखी चौघं थांबली. मग गळ्यात लांबलचक मफलर गुंडाळलेले एक कलासमीक्षक आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“जांभई,” ते म्हणाले. “चित्रकाराला इतका कंटाळा आला की त्याने चित्रच काढलं नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी दोन खिळ्यांचा अर्थ विचारला. समीक्षकांनी तोही लावला. डॉक्टरांना राहवेना. ते उठून म्हणाले, “अहो, चित्र धुवायला नेलंय.”

समीक्षक मायेने हसले. “तुम्हालाही तसंच वाटलं ना? तेच तर त्याला हवं होतं.”

तासाभरात दालनात पाय ठेवायला जागा उरली नाही. लोक भिंतीला नाक लावू लागले, तशी पहारेकऱ्याने दोरी बांधली आणि रांग लावली. तिवई हलवताना डॉक्टर दोरीबाहेर गेले, तर त्यांनाही शेवटी जाऊन उभं राहायला सांगण्यात आलं. त्यांनी आपण इथे पहिल्यापासून असल्याचं सांगून पाहिलं. पुढचे म्हणाले की सगळे असंच सांगतात.

दुपारी दोन कामगार चित्र घेऊन आले आणि ते खिळ्यांना अडकवू लागले. रांगेत कुरबुर सुरू झाली.

“ओ, ते चित्र बाजूला घ्या,” कुणीतरी म्हणालं. “मागचं दिसत नाहीये.”

गलका ऐकून संचालिकाबाई खाली आल्या. संग्रहालयाकडे कुणी फिरकत नाही म्हणून त्या वर्षानुवर्षं वरिष्ठांची बोलणी खात होत्या. त्यांनी रांग डोळे भरून पाहिली. डॉक्टर पुढे झाले आणि त्यांनी सगळा प्रकार कळवळून सांगितला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि असे चोखंदळ प्रेक्षक दुर्मीळ असतात म्हणून त्यांचे आभार मानले. मग निर्णय दिला : भिंत आहे तशी राहील, चित्र उपाहारगृहाच्या बोळात जाईल. ‘जांभई’ ही पाटी भिंतीची झाल्यामुळे चित्राखाली ‘शीर्षक नाही’ असं लिहिण्यात आलं.

डॉक्टर बायकोला घेऊन बोळात गेले. पाण्याची टाकी आणि हात धुण्याचं बेसिन यांच्या मधोमध बाई टांगली होती. जांभई मात्र तेवढीच मनमोकळी होती. सफाईत मागच्या दाढेवरचा काळा डाग गेला होता. डॉक्टर इतकी वर्षं त्याला कीड समजत होते. बोळात चिटपाखरू नव्हतं. त्यांनी भरल्या मनाने कॅमेरा उचलला.

बायकोने लेन्सवर हात ठेवला. “नको. कुणी पाहिलं तर इथूनही हलवतील तिला.”

डॉक्टरांना पटलं. त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि दोघं समोरच्या बाकावर बसून तिला नुसती बघत राहिली. डॉक्टरांना वाटलं, इतकं निवांत आपण तिला कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात चहाचा कप घेऊन एक गृहस्थ बोळात आले आणि ही दोघं टक लावून काय बघतायत म्हणून थांबले. दोघांनी झटकन माना वळवल्या आणि बेसिनकडे बघायला सुरुवात केली.

गृहस्थांनीही बेसिनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कप खाली ठेवला आणि हळूच मोबाइल काढला.