तक्ता दोन

डोळ्यांच्या त्या दवाखान्यातला कॉम्प्युटर दिवसभर घरघरायचा, कारण दुरुस्तीवाल्याने त्यात लिहून ठेवलेली बॅच फाइल, म्हणजे यंत्राला दिलेल्या हुकमांची यादी, शुद्ध मूर्ख होती. तिचं काम एवढंच की ती चालू असेपर्यंत अक्षरांच्या तक्त्याची विंडो भिंतीवरच्या पडद्यावर इतर सगळ्या विंडोंच्या पुढे ठेवायची. त्यासाठी ती प्रोसेसरला सेकंदाला हजार वेळा विचारायची, तक्ता पुढे आहे ना? आहे ना? कुलूप लावलं का म्हणून बारा वेळा जिना चढणाऱ्या माणसासारखी.

शेवटी रिसेप्शनवरच्या मुलीने स्वतःच शिकून त्यात एक ओळ घातली. एकदा बघ, मग दहा सेकंद झोप, मग पुन्हा बघ. दहा सेकंद झोपल्याने कुणाचं काही बिघडत नाही, हे यंत्राला लगेच पटलं. माणसांना कामाला जुंपणाऱ्यांना अजून पटायचंय.

कॉम्प्युटरचा पंखा थांबला. रिसेप्शनचं टेबलही जिथे होतं त्या तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत इतकी शांतता पसरली की मुलीला पहिल्यांदाच स्वतःचे विचार ऐकू आले. भिंगांच्या पेटीवर पडद्याचा हिरवा उजेड तरंगत होता, आणि त्यात तिला टेकडीवरचं मोठं नेत्र रुग्णालय दिसू लागलं. तिथे रिसेप्शनला खरीखुरी खिडकी होती, खिडकीत झाडं होती, आणि कुणी 'अगं, ऐकलंस का' म्हणून ओरडत नव्हतं. पेशंटांच्या मधल्या वेळात, तरंगत तरंगत, तिने तिथल्या नोकरीचा अर्ज लिहायला घेतला. उत्तर येईपर्यंत डॉक्टरबाईंना पत्ता लागता कामा नये, नाहीतर हीही नोकरी हातची जाईल. म्हणून तिने अर्जाला साळसूद नाव दिलं, 'तक्ता दोन'.

आणि त्याच नव्या ओळीत बॅच फाइलला तिनेच सांगून ठेवलं होतं, नावात तक्ता असलेलं जे दिसेल ते पुढे आण.

त्या दुपारी अर्ज उघडाच राहिला होता, आणि तपासणीच्या खुर्चीत बसचालक बसला. त्याला दाखला हवा होता, त्यामुळे दिसेल ते खणखणीत वाचायचं असं ठरवूनच आलेला. डॉक्टरबाई भिंतीकडे पाठ करून, भिंगातून त्याच्या बुबुळात बघत होत्या.

"वाचा."

"माननीय महोदय!" चालक गरजला.

मुलीने घाईने अर्जाची विंडो खाली ढकलली. भिंतीवर तक्ता आला.

"प, र, ल..."

दहा सेकंद झाले. फाइल जागी झाली आणि इमानेइतबारे अर्ज पुन्हा वर घेऊन आली.

"इथल्या मॅडमचा स्वभाव..." चालक अडखळला. "पुढचंही वाचू?"

"वाचा ना," डॉक्टरबाई भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या. "स्वभावाचं काय?"

"स्वभाव वाईट नाही, पण त्या थकल्या आहेत, आणि थकलेल्या माणसाच्या हाताखाली..."

मुलीने घाबरून अर्जच बंद करायला घेतला. भिंतीवर हातभर अक्षरं उमटली.

"बदल जतन करायचे आहेत का?" चालकाने तेही वाचलं. "काय सांगू, मॅडम?"

"हो म्हणा."

"हो!" तो मुलीकडे वळून ओरडला. तिने 'हो' दाबलं.

डॉक्टरबाईंनी दाखल्यावर सही केली. "नजर छान आहे तुमची. या."

दार लागलं. बाईंनी दिवा लावला नाही. हिरव्या उजेडात त्या चालकाच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि मान मागे टेकवून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिल्या. आता बोलणी खायची, म्हणून मुलगी पर्स आवरू लागली.

"अर्ज टेकडीवरच्या रुग्णालयातच ना?" बाईंनी विचारलं.

"हो, मॅडम."

"मी दोन महिन्यांपूर्वी अर्ज केलाय तिथे. अजून उत्तर नाही."

मुलगी पर्स तशीच धरून उभी राहिली. "पण मॅडम, हा दवाखाना तर तुमचा स्वतःचा आहे!"

"म्हणून तर," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.