मोघम सर

नरोत्तम सरांना "काय सर, बरं आहे ना?" असं कधी विचारू नये. बोईसरजवळच्या बेटेगावात नवीन राहायला आलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळतं, आणि स्वतःच्या अनुभवानंच कळतं. मीही विचारलं होतं. सकाळी दूध घेऊन परतत होतो, सर शाळेकडे निघाले होते. सर थांबले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "डावा गुडघा पायऱ्या उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही. झोप सव्वासहा तास. भूक नेहमीएवढी. तुमचं?"

"बरं आहे," मी म्हणालो.

"मोघम नको. बरं म्हणजे काय?"

दूध फाटायच्या आत मी कसाबसा घरी पोचलो.

सर आमच्या वस्तीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग शिकवतात. 'मोघम नको' हे दिवसातून पन्नास वेळा म्हणतात, म्हणून लोकांनी त्यांचं नावच मोघम सर ठेवलंय. ज्या गोष्टीचा माणसाला एवढा तिटकारा, तीच त्याच्या कपाळी चिकटवायची, हा आपल्या लोकांचा जुना उद्योग. सरांना ते माहीत आहे. फक्त कुणी तसं म्हटलं की विचारतात, "कोणत्या बाबतीत मोघम?"

पालकसभेवर सरांचा काडीचा विश्वास नाही. सगळ्यांना एकत्र बसवून एकच गोष्ट सांगायची म्हणजे कोणालाच काही सांगायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मग ते रोज पाच पालक गाठतात. खिशात एक छोटी डायरी. त्यात मुलांच्या नावापुढे गुण नसतात, आईबापांच्या पाळ्या असतात. कोण पहिल्या पाळीला, कोण जनरलला, कोणाची सुट्टी मंगळवारी. एमआयडीसीतल्या सुपरवायझरला नसेल ठाऊक एवढी हजेरी सरांना तोंडपाठ. बाप बसमधून उतरला रे उतरला की सर समोर उभे.

व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, पण त्यावर सर एकदाच फसले. त्यांनी कुणाच्या तरी मुलाबद्दल चार ओळी लिहून पाठवल्या, उत्तरादाखल बापानं जोडलेले हात पाठवले. सरांनी लगेच फोन लावला. "हात जोडलेत. म्हणजे कळलं, की कळलं नाही म्हणून माफी मागताय?"

उत्तरेकडून आलेला एक वेल्डर त्यांना एकदा नाक्यावर म्हणाला, "सरजी, बच्चा ठीक है ना?" सर म्हणाले, "ठीक मत पूछो, भाईसाब. घड्याळ देखना आता है, लेकिन पावणे में गडबड है. पावणेपाच को पाचपावणे बोलता है." तो बिचारा मान डोलवत गेला आणि बायकोला पावणेचा अर्थ विचारत बसला.

एक मासळीवाल्या वयनी आहेत. त्यांनी बाजारात टोपलीशी बसल्या बसल्या विचारलं, "सर, माझा पोर बरा हाय ना?"

"गुणाकार येतो. भागाकारात बाकी उरली की घाबरतो. आपलं चुकलं असं वाटतं त्याला."

"त्याला सांगा, घाबरू नको. उरली तर उरू दे. माझ्या टोपलीत पन रोज उरते."

सरांना हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी भागाकार मासळीवरच शिकवला. आणि पोराची भीती गेली, हेही संध्याकाळी टोपलीपाशी जाऊन सांगून आले.

पण सर नुसतं सांगून थांबत नाहीत. आठवड्यानं उलट विचारतात. "त्या दिवशी मी काय सांगितलं होतं? मग घरी काय केलंत?" त्यामुळे बोईसरच्या बाजारात एक दृश्य नेहमी दिसतं. सर भाजी घ्यायला आले की चाळिशीतले धट्टेकट्टे बाप्ये वडापावच्या गाडीमागे दडतात. गृहपाठ न केलेली मुलं मात्र बापाशेजारी मजेत उभी.

मीही दडलोय. लपवण्यासारखं काही नाही.

मी एका रंगाच्या कंपनीत तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. आम्ही मूळचे जतकडचे, इथे येऊन नऊ वर्षं झाली. माझी मुलगी समृद्धी, म्हणजे आमची समू, तिसरीत सरांच्या वर्गात गेली. त्याआधी ती दुसऱ्या एका शाळेत होती, तिथल्या प्रगतिपुस्तकावर दोन वर्षं 'छान' आणि 'उत्तम' यांखेरीज शब्द नव्हता. रोज ती मला धडा वाचून दाखवायची. खणखणीत, एकदाही न अडखळता. पाळी करून आलेला बाप आणखी काय मागणार?

जून संपत आला होता. जनरल पाळी सुटली, मी कंपनीच्या बसमधून नाक्यावर उतरलो, तर सर समोर.

"माने, समृद्धीला वाचता येत नाही."

मला हसूच आलं. "सर, पुस्तक घडाघडा वाचते ती."

"पाठ आहे तिला. वर्गात दुसरी मुलं वाचतात ते ऐकून पाठ करते. चित्र बघून ओळखते कुठला धडा ते. तल्लख आहे, म्हणूनच कोणाला कळलं नाही."

बसमधले चार लोक ऐकत होते. मला राग आला आणि मी बोलून गेलो, "सर, दोन वर्षं सगळे छान म्हणतायत. तुम्हीच एकटे शहाणे?"

सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या लॅबमध्ये सॅम्पल येतं. त्याच्या रिपोर्टवर तुम्ही 'छान' लिहिता का?"

मी तडक घरी गेलो. समूचं पुस्तक काढलं, चित्रावर हात ठेवला आणि धड्याच्या मधल्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, वाच. ती ओळीकडे बघेना, माझ्या हाताकडे बघत राहिली. हात कधी उचलतोय याची वाट बघत होती ती. मी पुस्तक मिटलं आणि तिला जवळ घेतलं. बायको दारात उभी राहून रडत होती. त्या रात्री मला समूपेक्षा माझीच लाज वाटली. दिवसभर थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा मी, पोरीच्या बाबतीत 'छान'वर सही करत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरताच मीच सरांना शोधलं. त्यांनी डायरी उघडली. "अकरा अक्षरं पक्की आहेत. काना कळतो. वेलांटी कुठली पहिली, कुठली दुसरी, यात गोंधळ. जोडाक्षरांना अजून हात लावायचा नाही. एवढंच आहे, माने. वर्षाचं काम आहे."

कोणी मला 'काळजी करू नका' म्हणालं असतं तर मी झोपलो नसतो. 'अकरा अक्षरं' ऐकल्यावर मात्र झोप लागली. अकरा म्हणजे पुढे किती राहिली, ते मोजता येत होतं.

त्यानंतर वर्षभर नाक्यावर मला माझ्या मुलीची बातमी मिळत गेली. माझी दुसरी पाळी असली की सर सकाळी दुधाच्या टपरीवर गाठायचे. "आज अठरा झाली." "आज उकार बसला." "आज काही झालं नाही, आज ती रुसली होती. रुसण्याचं कारण मी विचारलं नाही, तुम्ही विचारा." हळूहळू आमची सगळी बस त्यात गुंतली. ड्रायव्हर नाक्यावर अर्धा मिनिट जास्त थांबायचा. "काय माने, रफार झाला का?" असं लोक मागच्या सीटवरून विचारायचे, आणि ज्यांनी विचारलं त्यातल्या निम्म्यांना रफार म्हणजे काय ते माझ्याकडूनच कळलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघं मोटारसायकलवरून चिंचणीच्या समुद्रावर निघालो. पुढे बसलेली समू एकदम ओरडली, "बाबा, थांबा!" मी घाबरून ब्रेक दाबला. ती रस्त्याकडेच्या पाटीकडे बघत होती. "ये-थे... पं-क्चर... काढून मिळेल." तिनं ते पाठ केलेलं नव्हतं. तिथे चित्रही नव्हतं. नुसता पत्रा होता आणि त्यावर रंगवलेली अक्षरं. पुढे तिनं आम्हाला प्रत्येक पाटीपाशी थांबवलं. समुद्रावर पोचेपर्यंत सूर्य कलला होता आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

तिथूनच पेढे घेऊन आम्ही सरांच्या घरी गेलो. तारापूरजवळच्या एका गावात चिकूच्या वाडीत त्यांचं घर. न कळवता गेलो, ते चुकलंच म्हणायचं. पडवीत सर बसले होते आणि त्यांच्यासमोर पासष्टीचा एक माणूस, मांडीवर समूच्याच इयत्तेचं पुस्तक घेऊन. आम्हाला बघताच त्या माणसानं पुस्तक झटकन सतरंजीखाली सारलं. सर पहिल्यांदाच गोंधळलेले दिसले.

"हा माझा थोरला भाऊ," ते म्हणाले, "दामूदादा."

झोपाळ्यावर त्यांची आई होती. नव्वदीच्या आसपासची, कानानं कमी. दादा पाणी आणायला आत गेले तेव्हा सर हळू आवाजात बोलले. "दादा शाळेत होता तेव्हा आई वाडीतलं काम टाकून दर शनिवारी जायची. गुरुजींना विचारायची, माझा दामू कसा हाय? ते सांगायचे, बरं चाललंय. चार वर्षं बरं चाललं होतं. मग कळलं, त्याला स्वतःचं नाव वाचता येत नाही. तो लाजला, शाळा सोडली आणि वाडीत राबला. त्याच्या कष्टावर मी मास्तर झालो. मी शिकवतो म्हटलं की तीस वर्षं नाही म्हणत आला."

"मग आता?"

सर समूकडे बघून म्हणाले, "जूनमध्ये मी घरी सांगितलं, वर्गात एक मुलगी आलीय, अकराच अक्षरं येतात. दादा जेवता जेवता म्हणाला, 'माझ्याहून दोनच जास्ती.' आणि दुसऱ्या दिवसापासून बसला. हिला जे शिकवलं ते संध्याकाळी त्याला. दोघं बरोबरच चाललेत."

दादा तांब्या घेऊन आले. समू उठून त्यांच्याजवळ गेली, सतरंजीखालचं पुस्तक स्वतःच ओढून काढलं आणि म्हणाली, "आजोबा, चित्रावर हात ठेवून वाचायचं."

झोपाळा थांबला. म्हातारीनं विचारलं, "दामूचा कसा चाललाय रे आज?"

"बरा चाललाय, आई," दादा म्हणाले.

"तुला नाय विचारला. बरा नको. नरू, काय ते तू सांग."

सर उठले, तिच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "चार ओळी वाचल्या. पाचवीत 'प्रकाश'ला अडला. मग जमलं."

"हां. आता समजला." झोपाळा परत हलला. मग तिची नजर माझ्याकडे वळली. "आनि माझा नरू? तो कसा शिकवतो? मला कोन नाय सांगत."

सरांनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि घाईघाईनं आत निघाले. मी त्यांच्या जागी जाऊन म्हातारीच्या कानाशी वाकलो. 'छान शिकवतात' हे शब्द ओठावर आले होते, ते गिळले.

"आजी, माझ्या मुलीला जूनमध्ये अकरा अक्षरं येत होती. आज तिनं रस्त्यावर सतरा पाट्या वाचल्या. एकच चुकली. तुमचा नरू आठ महिने मला नाक्यावर भेटून सगळं सांगत होता. पावसात पण. एक दिवस तापात पण आला होता, तेव्हा मीच त्याला घरी पाठवला."

सर आत जाता जाता उंबऱ्यात थांबले होते. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

म्हातारीनं मान हलवली. मग तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "कुटली पाटी चुकली?"