ठकूआत्याची मागे सरकणारी बिल्डिंग

ठकूआत्याच्या घरात दारातूनच शिरावं लागे. त्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण त्या घराला दार नव्हतं. भिंती नव्हत्या, छप्परही नव्हतं. पौडच्या पेठेत, ऐन मोक्याच्या जागेवर, पांढऱ्या फक्कीने आखलेल्या रेघा होत्या, बस्स. त्या ओलांडून कुणी सरळ चालत निघालं, की मागच्या पत्र्याच्या शेडमधून आवाज येई, "भिंतीतनं कुटं शिरतोस रं? दार दिसंना व्हय?"

मग गडी मुकाट्याने वळसा घालून, जिथे रेघ तुटलेली होती तिथून आत जाई.

मी तेव्हा पौडच्या शाळेत नवीनच मास्तर म्हणून रुजू झालो होतो. पेठेत एस.टी. नुकती येऊ लागली होती. लग्न झालं होतं, पण जागा मिळेना म्हणून बायको माहेरी आणि मी ठकूआत्याच्या खानावळीत. खानावळ म्हणजे तेच पत्र्याचं शेड. पहिल्याच दिवशी मी त्या रेघेवर पाय दिला आणि आत्या कडाडली, "मास्तर, तुमी शिकल्यालं. तुमी तरी देवघरातनं चपला घालून येऊ नका."

मी दचकून खाली पाहिलं. देवघरात एक शेळी रवंथ करत बसली होती. तिला कुणी काही म्हणत नव्हतं.

ठकूआत्या अंगाने किरकोळ, आवाजाने दणकट. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिला या जागेवर बिल्डिंग बांधायची होती. तीन मजली, आणि एकेका मजल्यावर बिऱ्हाडंच बिऱ्हाडं. पुण्याहून एक नकाशावाले साहेब तिने गाठले होते. साऱ्या पेठेत माडी म्हणाल तर एखाद-दुसरी, त्यामुळे लोकांना तो निव्वळ वेडेपणा वाटे. "एवढ्या खोल्यांत ऱ्हानार कोन, आत्या?" असं कुणी विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं, "बांदल्यावर कळंल!"

हे उत्तर तिला सगळीकडे चालत असे. आमटीत मीठ कमी आहे म्हटलं तरी "बांदल्यावर कळंल" म्हणून ती पुढच्या पानाकडे वळे.

खरी गंमत सुरू झाली ती करीमभाईंमुळे. करीमभाई म्हणजे समोरचे शिंपी. दुकानाच्या फळीवर मशीन मांडून बसायचे. त्यांचं आणि आत्याचं रस्त्याच्या या अंगावरून त्या अंगाला दिवसभर भांडण चाले. एके सकाळी ते म्हणाले, "ठकूबाई, तुमची बिल्डिंग उभी ऱ्हायली की माज्या दुकानात दुपारपतुर अंधार. मी सुईत दोरा कसा ववायचा?"

"तुमाला आत्ता तरी कुटं ववता येतोय?" आत्या म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी पाहतो तर फक्कीच्या रेघेवर दोन बांबू एकाला एक बांधून उभे केलेले, टोकाला जुन्या लुगड्याचं फडकं. ही बिल्डिंगची उंची! ऊन वर आलं तशी फडक्याची सावली करीमभाईंच्या मशीनवर जाऊन बसली. आत्या भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहत राहिली. मागे एस.टी.चा ड्रायव्हर भोंगा वाजवून थकला. मग ती आत आली, पायाने फक्की पुसली, आणि रेघ चांगली मागे नेऊन मारली. वरचा एक मजलाही तिथल्या तिथे उडाला.

हे पेठेत पसरायला वेळ लागला नाही. ड्रायव्हर म्हणाला, "आत्या, तुमच्या कोपऱ्यावर गाडी वळायची न्हाई." आत्याने कोपरा तिरका कापला. बैलगाडीवाल्यांची बाजाराच्या दिवशी गाड्या सोडायची जागा जात होती, म्हणून रेघ आणखी मागे गेली. माळवं, म्हणजे भाजीपाला, विकणाऱ्या बायका म्हणाल्या, "आमी उनात बसायचं काय?" त्यांच्यासाठी पुढे लांबलचक ओटा आणि वर पत्रा आला. ओटा आला तशा दोन खोल्या गेल्या.

चावडीवर बैठक झाली तेव्हा एका म्हाताऱ्याने हरकत घेतली, "वरच्या खिडकीतनं आमचं परसू दिसंल. बायामान्सांनी न्हायाचं कुटं?"

"मग खिडक्या उंच करते," आत्या म्हणाली. "उभं ऱ्हाऊन बगितलं तर आभाळ दिसंल, गाव न्हाई दिसायचं."

नकाशावाले साहेब दर खेपेला नवा नकाशा काढून दमले. शेवटी ते ओरडलेच, "अहो बाई, ही इमारत आहे, भाकरी नव्हे! आला-गेला दिसला की मोडून द्यायला!"

आत्या शांतपणे म्हणाली, "सायेब, मी बांदून रस्त्याच्या मान्सांनी मला शिव्या द्याव्या, तर मग मी बांदू कशाला?"

पोरंटोरं म्हणू लागली, आत्याची बिल्डिंग अशीच मागे सरकत सरकत नदीत जाणार. आम्हीही पंगतीत हसायचो. हसले नाहीत ते करीमभाई. एक दिवस ते रस्ता ओलांडून आले. वळसा घालून, दारातून आले. म्हणाले, "ठकूबाई, बास आता. आजून मागं सरू नका. मी मशीन दुसऱ्या अंगाला लावतो."

"आन् मग ऊन?"

"ऊन मी बगून घेईन. तुमचं घर ऱ्हाऊ द्या."

आत्या एरवी शब्दाला शब्द लावणारी. त्या दिवशी तिने त्यांच्यापुढे नुसता चहा ठेवला.

अखेर बांधकाम झालं. खाली लांब ओटा, त्यामागे खानावळ आणि आत्याची खोली. वर फळ्यांच्या जमिनीची एकच माडी. तीन मजल्यांचं एवढंच उरलं. पेठेतल्या बाया ओट्यावर भाज्या मांडून बसल्या, करीमभाईंच्या मशीनवर ऊन पडलं, आणि वरची माडी मला मिळाली. मी बायकोला, सुमनला, घेऊन आलो.

आम्ही भल्या घरची माणसं. खाली म्हातारी एकटी, तिला त्रास नको म्हणून अगदी जपून राहायचो. सुमन मांजराच्या पावलांनी चाले. पाटा-वरवंटा तिने गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. भांडं पडलं तर आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो.

थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी आत्या जिना चढून आली. दारातच उभी राहिली.

"मास्तर, माजं काय चुकलं का?"

"छे हो! का?"

"न्हाई, वर कुनी ऱ्हातंय आसं वाटंचना."

सुमन तिला हाताला धरून आत घेऊन आली. आत्या फळ्यांवरून बोट फिरवत बसली. मग आपणहून बोलू लागली, "मालक आजारी व्हतं तवा पुन्याला चाळीत ऱ्हायले. आमी खाली, वर एक बिऱ्हाड. दिवसभर डोक्यावर धाडधाड. पोरं पळायची, बाई मसाला कुटायची. सगळी शिव्या द्यायची त्यास्नी. मला मातुर लई बरं वाटायचं. मालक झोपल्यालं आसायचं, पर वर मानूस हाय, हे कळायचं. ते गेलं आन् मी हितं आले. गिऱ्हाईक जेवतंय आन् जातंय. मागनं माज्याच भांड्याचा तेवडा आवाज. मनात आलं, डोक्यावर चार बिऱ्हाडं आसावीत. तर ऱ्हायलं हे येवडंच. आन् तुमी आसं चोरावानी चालताय."

सुमनने डोळे पुसले आणि विचारलं, "आत्या, तुम्हाला लसणाची चटणी आवडते का?"

दुसऱ्या दिवशी सुमनने जोडवी वाजवत साऱ्या माडीभर झाडलोट केली. मग फळ्यांवर पाटा मांडला आणि दणादणा चटणी वाटायला घेतली. मी खाली जेवायला बसलेल्यांना वाढू लागत होतो. वरच्या फळ्यांमधली धूळ एका व्यापाऱ्याच्या ताटात पडली. तो वैतागून वर पाहत म्हणाला, "आत्या, काय धिंगाना लावलाय वर?"

आत्याने त्याचं ताट उचललं, दुसरं मांडलं, गरम भाकरी वाढली आणि म्हणाली, "आमची मान्सं हायेत."